रूझवेल्टचा माणूस: हॅरी हॉपकिन्स (आणि एप्रिल १९४२ मधली ती पहाट)

महालकर

हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये मंत्र्यांना शोधणाऱ्यांपेक्षा त्यांच्या पीएंना शोधणारे जास्त दिसतात. रविभवन, नागभवन, आमदार निवास, कुठेही जा, अर्ज हातात घेतलेला माणूस विचारतो, "साहेबांचे पीए कोण?" या मंडळींबद्दल आपण बोलतो ते बहुतेक तक्रारीच्या सुरात, आणि पुष्कळदा ती तक्रार रास्तही असते. पण सत्तेच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसानं मनात आणलं तर तो काय करू शकतो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. त्याच्याबद्दल मराठीत सलग काही माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

हॅरी हॉपकिन्स. जन्म १७ ऑगस्ट १८९०, आयोवा राज्यातल्या सू सिटी गावी. वडील घोड्यांचे लगाम-खोगिरं बनवणारे, आई कडक मेथॉडिस्ट वळणाची. ग्रिनेल या छोट्या गावातल्या कॉलेजातून १९१२ मध्ये पदवी घेतली आणि पोरगा थेट न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला गेला. युरोपातून नुकतीच आलेली कुटुंबं तिथे अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीनं राहत. क्रिस्टोडोरा हाउस या सेवाकेंद्रात त्यानं काम धरलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं हाच त्याचा पेशा: निराधार आयांना मिळणाऱ्या मदतीचं काम, रेडक्रॉस, क्षयरोग निवारण. त्यानं वकिली केली नाही, निवडणूक लढवली नाही, आणि एका डोळ्याच्या दोषामुळे पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यानंही घेतलं नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत न्यूयॉर्कचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेकारांसाठी राज्याची तात्पुरती मदत यंत्रणा उभारली. १९३१ मध्ये हॉपकिन्स तिथे आला आणि पुढच्याच वर्षी तिचा प्रमुख झाला. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मे १९३३ मध्ये त्याला वॉशिंग्टनला बोलावणं आलं. ऑफिस नीट लागायच्या आत, पहिल्या दोन तासांत, त्यानं राज्यांना ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. त्या वर्षीचा हिवाळा तोंडावर आला तेव्हा फुकट मदतीऐवजी काम द्यायचं ठरलं, आणि जानेवारी १९३४ च्या मध्यापर्यंत ४० लाखांहून जास्त माणसं कामावर होती. आजच्या संगणकांशिवाय, फोन आणि तारांच्या भरवशावर, दोन-अडीच महिन्यांत.

मग १९३५ मध्ये डब्ल्यूपीए, म्हणजे वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन. ही यंत्रणा १९४३ पर्यंत चालली आणि तिनं एकंदर ८५ लाख लोकांना काम दिलं. साडेसहा लाख मैल रस्ते, ७५ हजार पूल, सव्वा लाख सार्वजनिक इमारती. चित्रकार, वादक, नट, लेखक हेही बेकारच होते, तर त्यांनाही त्यांच्याच कामाची मजुरी मिळाली. गुलामगिरीत जन्मलेली म्हातारी माणसं त्या वेळी हयात होती. लेखकांच्या योजनेतून त्यांच्या २,३०० हून जास्त आठवणी लिहून घेतल्या गेल्या. नाहीतर त्या त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. एवढं एकच काम झालं असतं तरी मी या योजनेला हात जोडले असते.

अर्थव्यवस्था पुढे आपोआप सावरेल असं कोणी म्हटलं की हॉपकिन्सचं उत्तर ठरलेलं होतं: माणसं पुढे कधीतरी जेवत नाहीत, ती रोज जेवतात.

१९३७ मध्ये त्याची दुसरी पत्नी कर्करोगानं गेली. त्याच वर्षाअखेर त्याच्याच पोटात कर्करोग निघाला आणि जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागला. त्यानंतर अन्न अंगी लागायचंच बंद झालं. डॉक्टरांना त्याची फारशी आशा नव्हती. मधली दोनेक वर्षं तो वाणिज्य खात्याचा मंत्री होता, पण त्यातला बराच काळ अंथरुणात गेला.

१० मे १९४० ला, म्हणजे हिटलरचं सैन्य हॉलंड-बेल्जियममध्ये घुसलं त्या दिवशी, तो व्हाइट हाउसमध्ये जेवायला गेला होता. तब्येत बरी दिसेना म्हणून रूझवेल्टनी त्याला रात्री तिथेच ठेवून घेतलं. तो तिथून डिसेंबर १९४३ मध्ये निघाला! लिंकन ज्या खोलीत काम करत, तीच त्याची खोली. त्याच्या लहान मुलीकडे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर लक्ष देत. पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेला राष्ट्राध्यक्ष आणि जठर गमावलेला त्याचा सहायक, अशा दोघांनी मिळून ते युद्ध हाताळलं.

पुढचं, म्हणजे चर्चिल, स्टालिन आणि भारत, प्रतिसादांत येऊ द्या. मी आहेच.

खडीफोडे_आजोबा

महालकर भाऊ, लय चांगलं लिहिलं. मले त्या डब्ल्यूपीएवर बोलाचं आहे, कारण आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात हेच पाह्यलं मी. मी तवा पोरगा होतो. माय-बाप दोघंही कामावर. माय खडी फोडे, बाप पाझर तलावाच्या पाळीवर माती टाके. सुकडी भेटे. लोक म्हणत, का पह्यले फुकट धान्य वाटा, काम काहून करून घेता भुकेल्या माणसाकून? पण माया बापाले फुकटचं नको होतं. संध्याकाळी मस्टरवर नाव लागलं का तो माणूस ताठ मानेनं घरी ये.

तुमच्या त्या साह्यबानं काम काहून देल्लं, मदत काहून नाही, ते मले आतून समजते.

निवृत्त_शाखा_अभियंता

आजोबांशी पूर्ण सहमत, त्यात थोडी भर. आपली रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघाली. ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव भागात प्रयोग झाला, १९७२-७३ च्या दुष्काळात ती राज्यभर आली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून गावातल्या मजुराला काम द्यायचं, ही त्याची पैशाची बाजू. नागपुरातल्या प्रत्येक नोकरदारानं आपल्या पगारपत्रकात ती कपात पाहिलेली आहे, पण ती कशासाठी सुरू झाली हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

हॉपकिन्सच्या योजनेत आणि आपल्या योजनेत एक मूलभूत फरक आहे आणि तो मांडायलाच हवा. डब्ल्यूपीएमध्ये काम मिळणं हा हक्क नव्हता. सरकारकडे पैसा असेल तेवढ्यांना काम, साधारणपणे एका घरातल्या एकालाच, आणि तिकडच्या संसदेनं (तिलाही काँग्रेसच म्हणतात) निधी छाटला की लाखो लोक एका झटक्यात घरी. आपल्या कायद्यात मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक केलं. तत्त्व म्हणून महाराष्ट्राचा कायदा हॉपकिन्सच्या पुष्कळ पुढे होता.

अंमलबजावणीत मात्र हॉपकिन्सकडून शिकण्यासारखं बरंच आहे. अशा कामांवर मी आयुष्य काढलंय. मजूर येतात, पण हातात घ्यायला मंजूर काम तयार नसतं, कारण अंदाजपत्रक कुठल्यातरी टेबलावर पडलेलं असतं. हॉपकिन्सनं ती साखळीच लहान केली. त्याचा प्रतिस्पर्धी हॅरल्ड इक्स हा गृहखात्याचा मंत्री. ते खातं म्हणजे आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे, तिकडे जमिनी-जंगलं या खात्याकडे असतात. इक्स मोठी धरणं, मोठे पूल बांधे, प्रत्येक कागद स्वतः तपासे, एक पैसा खाऊ देत नसे, आणि म्हणून त्याचं काम सुरू व्हायलाच वेळ लागे. हॉपकिन्सनं खर्चातला मोठा वाटा थेट मजुरीत जाईल अशी लहान कामं घेतली. त्यावर टीकाही झाली, की पानं गोळा करायचे पैसे देतात म्हणून. इक्सची कामं जास्त टिकाऊ होती हे मी अभियंता म्हणून मान्य करतो. तरी जानेवारीच्या थंडीत घरात दाणा नसलेल्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर हॉपकिन्सच बरोबर होता.

धंतोली_वाचक

धागा उत्तम आहे, पण मला मुळातच एक अडचण आहे. या माणसाला कोणी निवडून दिलं? मजूर योजनेपुरतं ठीक, तिथे त्याची रीतसर नेमणूक होती. पण १९४० नंतर तो राष्ट्राध्यक्षांच्या घरात राहतो, परराष्ट्रमंत्र्याला बाजूला सारून चर्चिलशी बोलतो, कुठल्या देशाला किती रणगाडे द्यायचे हे ठरवतो. लोकशाहीत हे धोक्याचं आहे. आपल्याकडेही "अमुक साहेबांचा खास माणूस" म्हणून फिरणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. माणूस चांगला निघाला हा अमेरिकेच्या नशिबाचा भाग. पद्धत म्हणून हे चांगलं कसं म्हणायचं?

महालकर

धंतोलीकर, हाच प्रश्न रूझवेल्टना तोंडावर विचारला गेला होता. जानेवारी १९४१ मध्ये वेंडेल विल्की त्यांना भेटायला आला. नुकताच निवडणुकीत त्यांच्याकडून हरलेला उमेदवार. त्यानं विचारलं, की लोकांचा इतका रोष असताना या हॉपकिन्सला तुम्ही जवळ का ठेवता? रूझवेल्टनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा: उद्या तुम्ही या खुर्चीत बसलात तर समोरच्या त्या दाराकडे बघाल आणि तुम्हाला कळेल की त्यातून आत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तुमच्याकडून काहीतरी हवंय. मग ज्याला तुमची सेवा करण्यापलीकडे काहीच नको, अशा माणसाची गरज कळेल.

मला हे उत्तर पटतं ते हॉपकिन्सच्या पुढच्या वागण्यामुळे. त्याच महिन्यात तो लंडनला गेला. शहरावर बॉम्ब पडत होते. चर्चिलना आधी त्याचं नाव धड माहीत नव्हतं, आणि काही आठवड्यांत ते त्याला सगळीकडे सोबत घेऊन फिरू लागले. ग्लासगोच्या एका जेवणात हॉपकिन्सनं बायबलमधलं रूथचं वचन म्हटलं, "जिथे तू जाशील तिथे मी येईन", आणि स्वतःचे शब्द जोडले, "अगदी शेवटपर्यंत." चर्चिलच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येऊन त्यानं रूझवेल्टना सांगितलं की ब्रिटन टिकेल, मदत द्या. ११ मार्च १९४१ ला लेंड-लीज कायदा झाला आणि त्याचा कारभार हॉपकिन्सकडे आला. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० कोटी डॉलरची सामग्री त्या कायद्याखाली मित्रराष्ट्रांना गेली.

मग रशिया. जून १९४१ मध्ये हिटलरनं हल्ला केला. वॉशिंग्टनमधले बहुतेक सेनाधिकारी म्हणत होते की रशिया काही आठवड्यांत कोसळेल. हॉपकिन्स जुलैअखेर स्कॉटलंडहून एका कॅटालिना विमानानं उत्तर ध्रुवाच्या बाजूनं आर्खांगेल्स्कला उतरला, तिथून मॉस्को. जवळजवळ अख्खा दिवस त्या थंडगार विमानात, बराच वेळ शेपटाकडच्या बंदुकीच्या जागेवर बसून. स्टालिननं त्याला विमानविरोधी तोफा मागितल्या आणि ॲल्युमिनियम मागितलं. उद्या हरणारा माणूस ॲल्युमिनियम कशाला मागेल? लांबच्या लढाईसाठी विमानं बांधायची असतील तरच ते लागतं. हॉपकिन्सनं हे ओळखलं आणि रशिया टिकणार असं कळवलं. परतताना औषधांची पिशवी मॉस्कोतच राहिली. अर्धमेल्या अवस्थेत तो स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळावर पोचला आणि तिथून चर्चिलबरोबर युद्धनौकेवर बसून रूझवेल्टना भेटायला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याकडे निघाला.

तुमची पद्धतीबद्दलची भीती मी खोडत नाही. इतकंच म्हणतो, की नेत्याच्या कानाशी कोणीतरी असणारच. तो काय मागतो, यावरून त्याची परीक्षा करावी.

अधिवेशनातली_लेक

माझे बाबा बरीच वर्षं मंत्र्यांचे स्वीय सहायक होते. अधिवेशनाच्या दिवसांत आमचं घर म्हणजे फोन आणि फायली. त्यामुळे हा धागा मी एका दमात वाचला.

महालकर काका, "काही न मागणं" ही एक बाजू झाली. दुसरी बाजू मी बाबांकडून ऐकलेली: साहेबांना वाईट बातमी कोण देणार? आसपासचे सगळे गोड बोलतात. चांगल्या सहायकाचं अर्धं काम म्हणजे साहेबांना न आवडणारी गोष्ट योग्य वेळी, योग्य शब्दांत, खोलीत दुसरं कोणी नसताना सांगणं. उरलेलं अर्धं काम म्हणजे साहेबांच्या कानावर खरी माहिती येईल अशी सोय करणं. हॉपकिन्स यात कसा होता? तो फायलींवर विसंबून असायचा की खाली माणसं पाठवायचा?

आणि घरचं काय झालं? बाबा आम्हाला फार थोडे मिळाले. हॉपकिन्सच्या मुलांचं काय?

महालकर

ताई, फार नेमकं विचारलंत. १९३३ मध्येच त्यानं लोरेना हिकॉक या पत्रकार बाईंना देशभर फिरायला पाठवलं. आकडे नकोत, लोकांशी बोला, डोळ्यांनी बघा आणि जे दिसलं ते मला लिहा, अशी त्यांना सूचना होती. त्या कोळशाच्या खाणींच्या वस्त्यांत गेल्या, उत्तर डाकोटातल्या बुडालेल्या शेतकऱ्यांत गेल्या, दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात गेल्या आणि लांबलचक पत्रं पाठवत राहिल्या. एका शेतकऱ्याच्या घरात पांघरूण नाही, हे राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत जायला मधे जिल्हा, राज्य, खातं असं काही लागत नव्हतं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीची गुरुकिल्ली हीच आहे. मॉस्कोला तो स्वतः गेला तेही याच सवयीनं.

मुलांबद्दल. पहिल्या लग्नापासून तीन मुलगे, तिघंही युद्धात. धाकटा स्टीफन मरीन दलात साधा शिपाई होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये मार्शल बेटांवर मारला गेला, वय १८. ज्याचा बाप राष्ट्राध्यक्षांच्या घरात राहत होता, त्याला सुरक्षित जागा मिळवून देणं किती सोपं होतं याचा विचार करा. चर्चिलनी मॅकबेथमधल्या ओळी सुंदर अक्षरांत लिहवून बापाला पाठवल्या, ज्यांत सैनिकाचं ऋण फेडून गेलेल्या तरुण मुलाबद्दल त्याच्या बापाला सांगितलं जातं. हॉपकिन्स तेव्हा स्वतः पुन्हा इस्पितळाच्या वाटेवर होता.

सेवाग्राम_रोड

सगळ्यांचं लिखाण मनापासून आवडलं, पण १९४२ च्या एप्रिलवर अजून कोणीच आलेलं नाही आणि शीर्षकात तर ते आहे. मी वर्ध्याचा, म्हणून ही बाजू मीच मांडतो.

मार्च १९४२ अखेर क्रिप्स दिल्लीत होते. ३ एप्रिलला रूझवेल्टचे व्यक्तिगत प्रतिनिधी कर्नल लुई जॉन्सन दिल्लीत आले. संरक्षण खातं भारतीय मंत्र्याकडे किती द्यायचं यावर गाडं अडलं होतं. जॉन्सननी नेहरूंशी आणि क्रिप्सशी बोलून मधला मार्ग काढायचा मनापासून प्रयत्न केला. ८ तारखेला तडजोडीचा मसुदा तयार होता. त्याच दिवशी हॉपकिन्स अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्याबरोबर लंडनला पोचला. दुसऱ्या दिवशी चर्चिलनी त्याला विचारलं, हा जॉन्सन कोणाच्या वतीनं बोलतोय? हॉपकिन्सनं सांगितलं, की क्रिप्सच्या वाटाघाटीत जॉन्सन राष्ट्राध्यक्षांचा मध्यस्थ म्हणून वागत नाही. चर्चिलना हेच हवं होतं. लागलीच दिल्लीला तसं कळवलं गेलं. १० तारखेला काँग्रेसनं प्रस्ताव नाकारला.

मग रूझवेल्टना वाटलं की अजून धरून ठेवावं. त्यांची तार रविवारी १२ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास चेकर्सला, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या गावाकडच्या निवासस्थानी पोचली. चर्चिल आणि हॉपकिन्स अजून बोलत जागे होते. तारेत म्हटलं होतं की क्रिप्सना थांबवा, अमेरिकन जनतेला वाटतंय की भारताला स्वराज्य द्यायची ब्रिटनची तयारी नाही म्हणून बोलणी फिसकटली. चर्चिलचा जो भडका उडाला तो दोन तास चालला. राजीनामा देतो, इथपर्यंत ते गेले. आणि क्रिप्स तर दिल्लीहून निघालेच होते.

आता माझा सरळ प्रश्न. तुम्ही म्हणता हॉपकिन्स भुकेल्या माणसाची बाजू राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत नेत असे. त्या पहाटे आपली बाजू कोणी नेली? पुढच्याच वर्षी बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं उपाशी मेली. माणसं रोज जेवतात, हे वाक्य कलकत्त्याच्या फुटपाथवर पडलेल्यांना लागू नव्हतं का? युद्धाची सामग्री कुठे जाणार हे ठरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष हॉपकिन्सच होता.

व्हीएनआयटी_होस्टेल

सेवाग्राम_रोड सर, हे मला अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद.

एक वेगळी शंका. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी वाचलं की हॉपकिन्स रशियाचा हेर होता. खरं काय?

महालकर

आधी हेराचं, थोडक्यात. युद्धकाळातल्या सोव्हिएत तारा अमेरिकेनं उलगडल्या होत्या. त्यांतल्या मे १९४३ च्या एका तारेत '१९' या सांकेतिक क्रमांकाचा एक खबऱ्या आहे, आणि तो हॉपकिन्स असावा असं एका गटानं मांडलं. फुटून आलेल्या एका केजीबी अधिकाऱ्यानंही त्याचं नाव घेतलं होतं. पण केजीबीच्या दप्तरातून वासिलिएव्ह या माजी केजीबी अधिकाऱ्यानं उतरवून आणलेल्या वह्या पुढे अभ्यासकांना मिळाल्या. त्यांच्या आधारे हेन्स आणि क्लेर या अमेरिकन इतिहासकारांनी दाखवलं की '१९' म्हणजे परराष्ट्र खात्यातला लॉरेन्स डगन. हे दोघं सोव्हिएत हेरगिरीला पाठीशी घालणारे नव्हेत, उलट ती उघड करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनीच हॉपकिन्सला यातून मोकळं केलं, म्हणून मी तो आरोप निराधार मानतो. स्टालिनवर त्यानं वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकला, ही टीका मात्र योग्य आहे.

आता सेवाग्राम_रोड यांचा प्रश्न. तुम्ही दिलेला घटनाक्रम बरोबर आहे आणि त्यातून हॉपकिन्सला सोडवायची माझी इच्छा नाही. तो लंडनला गेला होता ते युरोपात सैन्य उतरवायच्या योजनेला चर्चिलचा होकार मिळवायला. भारताच्या प्रश्नावर चर्चिल बिथरले तर ती योजना जाईल, हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं. रूझवेल्टनी युद्धभर चर्चिलना केलेल्या सूचनांपैकी भारताबद्दलच्या सूचनांइतका संताप दुसऱ्या कशानंही झाला नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. म्हणजे त्याला दुखरी जागा पुरती ठाऊक होती, आणि तिच्यावर बोट ठेवायचं नाही हे त्यानं ठरवलं. ताई म्हणाल्या तशी साहेबांना कटू गोष्ट सांगायची हिंमत त्याच्यात होती. साहेबांच्या मित्राला ती सांगताना मात्र तो मागे सरला. बंगालबद्दल मी त्याच्या बाजूनं एक शब्दही लिहू शकत नाही. त्यानं हिकॉकबाईंना डाकोटात पाठवलं. कलकत्त्याला कोणी पाठवलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं त्यासाठी तो जीव टाकी, आणि जिथे त्याची माणसं गेली नाहीत तिथली भूक त्याच्या टेबलावर आलीच नाही.

सेवाग्राम_रोड

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांशी सहमत, "आलीच नाही" हे सोडून. आली होती. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी सेवाग्रामहून रूझवेल्टना पत्र लिहिलं, आणि ते लुई फिशर या अमेरिकन पत्रकारानं स्वतः नेलं. त्यात अगदी स्पष्ट आहे: भारत आणि आफ्रिका पारतंत्र्यात आहेत आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात काळ्यांचा प्रश्न आहे, तोवर लोकशाहीसाठी लढतोय हे तुमचं म्हणणं पोकळ वाटतं. शिवाय मित्रराष्ट्रांचं सैन्य भारतात ठेवायचं तर करार करून ठेवा, म्हणजे जपानविरुद्धची लढाईही बिघडणार नाही, अशी तोडही त्यात सुचवलेली होती. १४ जुलैला वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीनं 'भारत छोडो'चा ठराव केला. रूझवेल्टचं उत्तर १ ऑगस्टच्या तारखेचं आहे. ते हाती पडायच्या आत गांधीजी तुरुंगात होते, आणि त्यानंतर आठवड्याभरात चिमूर-आष्टीच्या उठावात काय झालं ते इथं कोणाला सांगायला नको. एप्रिल १९४४ मध्ये खुद्द चर्चिलनी भारतासाठी गहू आणायला अमेरिकेकडे जहाजं मागितली. रूझवेल्टनी नकार दिला. तेव्हा हॉपकिन्स आजारी होता हे मला माहीत आहे. पण प्राधान्यक्रम त्याच खोलीत आधी ठरलेला होता.

धंतोली_वाचक

इथंच माझा मुद्दा पुन्हा येतो. निवडून आलेला माणूस चुकला तर त्याला कोणीतरी जाब विचारतो. ९ एप्रिलला हॉपकिन्सनं चर्चिलना जे सांगितलं त्याबद्दल त्याला कोणत्या सभागृहात उभं केलं असतं? काही मागत नाही, हा गुण मोठाच आहे. तो उत्तरदायित्वाची जागा घेऊ शकत नाही.

अधिवेशनातली_लेक

धंतोलीकर दादा, पटलं. तरी अशा माणसाला फक्त त्या पहाटेवरून जोखू नये असं मला वाटतं. काका, रूझवेल्ट गेल्यावर त्याचं काय झालं? बाबांच्या बाबतीत पाहिलंय, साहेब गेले की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद होतात.

महालकर

ताई, त्याच्या बाबतीत उलट झालं. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. हॉपकिन्स तेव्हा स्वतः खाटेवर होता. महिन्याभरानं नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यालाच मॉस्कोला पाठवलं, कारण स्टालिनशी बोलू शकेल असा दुसरा माणूस नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नुसती चर्चा करायलाही नकाराधिकार वापरता येईल, असा हट्ट रशियानं धरला होता आणि त्यावर सॅन फ्रान्सिस्कोची परिषद अडली होती. हॉपकिन्सशी बोलल्यावर स्टालिननं तो सोडला. रशियाच्या अटकेतल्या पोलंडच्या नेत्यांना मात्र हॉपकिन्स सोडवू शकला नाही. जुलैत त्यानं सरकार सोडलं, सप्टेंबरमध्ये ट्रुमननी त्याला पदक दिलं. गाठीला पैसा नव्हता, म्हणून न्यूयॉर्कच्या कपडे उद्योगात मालक आणि कामगारांमधल्या लवादाचं काम त्यानं धरलं. २९ जानेवारी १९४६ ला तो गेला, वय ५५.

खडीफोडे_आजोबा

सारं वाचून काढलं. मले त्या हिकॉकबाईची गोष्ट लय भिडली. आमच्या कामावर असं कोणी आलं असतं तं माया मायनं तिले काय काय सांगतलं असतं! मापात कशी खोट होये, आठवड्याचा चुकारा तीन-तीन आठवडे कसा लटके, लेकराले झोळीत घालून बाया कशा दगड फोडत. हे वरतं कोणी नेलं का नाही, मले ठाऊक नाही.

त्या बाईचे कागद वाचायले भेटतीन का?

महालकर

आजोबा, हॉपकिन्सचे बरेचसे कागद न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या रूझवेल्ट ग्रंथालयात आहेत आणि हिकॉकबाईंचे अहवालही तिथेच. ते छापूनही आलेले आहेत. मी मिळवून त्यातली निवडक पत्रं मराठीत इथं टाकीन.

पण तुम्ही आत्ता तीन ओळींत जे लिहिलंत ते सविस्तर लिहा. वेगळा धागा उघडा. अभियंता साहेब, मापं कशी घेत, दर कसे ठरत हे तुम्ही त्यात घाला, म्हणजे दोन्ही बाजू येतील.

निवृत्त_शाखा_अभियंता

नक्की. जुन्या मोजमाप वह्यांची पद्धत मी समजावून सांगतो. खोट कुठे आणि कशी व्हायची तेही लिहीन. आजोबा, तुमचं काम कोणत्या तालुक्यात होतं तेवढं आधी सांगा.

खडीफोडे_आजोबा

काटोल तालुका. मायचं नाव मस्टरवर बापाच्या नावाखाली लावत, तिथूनच सुरू करतो.